एका शिकारीचा परवाना काही लाख डॉलरला: विशेष टॅग, त्यांचं वाटप आणि त्यातून होणारं वन्यजीव संवर्धन

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांतून दर हिवाळ्यात एखादी तरी अशी बातमी येते: डोंगरातल्या एका रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लिलावात काही लाख डॉलरला गेला, आणि तो पैसा त्याच मेंढ्यांच्या रक्षणासाठी वापरला जाणार आहे. शिकारबंदीच्या कायद्यात वाढलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जातं. त्यावर नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मुख्य उदाहरण बिगहॉर्न या रानमेंढ्याचं घेतलंय, कारण या पद्धतीचं चांगलं आणि वाईट, दोन्ही त्याच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतं. पाकिस्तानातला मारखोर आणि नामिबियातला काळा गेंडा यांच्याबद्दलही शेवटाकडे लिहिलंय.

विशेष परवाना म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत मोठ्या प्राण्याची शिकार करायची तर दोन गोष्टी लागतात: शिकारीचा वार्षिक परवाना आणि त्या प्राण्याचा टॅग. एक टॅग म्हणजे एक प्राणी. शिकार झाली की तो टॅग तिथल्या तिथे प्राण्याला बांधायचा. बहुतेक टॅग ठरलेल्या शुल्कात, सोडतीने दिले जातात. पण त्यातले मोजके टॅग राज्य बाजूला काढतं आणि लिलावात किंवा तिकिटांच्या सोडतीत विकतं. हेच विशेष परवाने. काही राज्यांत त्यांना ‘गव्हर्नर्स टॅग’ म्हणतात, कुठे ‘कॉन्झर्व्हेशन परमिट’, तर कॅलिफोर्नियात सरळ ‘फंडरेझिंग टॅग’.

प्राणी जंगलातला. तो विकायचा हक्क राज्याला कुणी दिला?

अमेरिकी कायद्यात रानातला प्राणी कुणाच्याच खासगी मालकीचा नसतो. तुमच्या स्वतःच्या शेतात उभं असलेलं हरीणही तुमचं नसतं. राज्य हे जनतेच्या वतीने त्याचं विश्वस्त मानलं जातं, आणि किती प्राणी, कधी, कुणी मारायचे हे राज्याचा वन्यजीव विभाग आणि त्यावरचा आयोग ठरवतो. म्हणून विकला जातो तो प्राणी नसून त्याची शिकार करण्याची परवानगी असते. शिकार झालीच नाही तरी पैसे परत मिळत नाहीत.

हे विश्वस्तपण मला फार महत्त्वाचं वाटतं. विश्वस्ताला हिशेब द्यावाच लागतो. या विषयातले जवळजवळ सगळे वाद शेवटी या हिशेबापाशी येतात.

नेहमीचे टॅग कसे वाटले जातात?

म्हाडाच्या घरांच्या सोडतीसारखं समजा. घरं थोडी, अर्ज उदंड, आणि सगळ्यांना एकाच भावात. मोंटानामध्ये बिगहॉर्नच्या टॅगचं शुल्क राज्यातल्या रहिवाशाला 125 डॉलर आणि बाहेरच्याला 1,250 डॉलर आहे. चांगल्या भागातल्या टॅगसाठी निवड होण्याची शक्यता मात्र एक टक्क्याच्याही खाली असते. ज्याला यंदा टॅग लागत नाही त्याला अनेक राज्यांत एक गुण मिळतो. हे गुण साठत जातात. काही राज्यांत सर्वाधिक गुणवाल्याला आधी टॅग मिळतो, काही राज्यांत जितके गुण तितक्या जास्त चिठ्ठ्या डब्यात पडतात. वीस-वीस वर्षं अर्ज करून रिकाम्या हाताने राहिलेले लोक पुष्कळ आहेत. यूटामध्ये तर बिगहॉर्नचा सोडतीचा टॅग आयुष्यात एकदाच मिळू शकतो.

लिलावाच्या टॅगला किंमत येते ती या रांगेमुळे. रांगेत न थांबता, नक्की मिळणारा टॅग.

लिलाव कोण करतं? सरकार की खासगी संस्था?

बहुतेक ठिकाणी राज्य टॅग एखाद्या ना-नफा संस्थेला देतं आणि ती आपल्या वार्षिक मेळाव्यात किंवा जेवणाच्या कार्यक्रमात त्याचा लिलाव करते. बिगहॉर्नच्या बाबतीत यातलं सर्वांत मोठं नाव वाइल्ड शीप फाउंडेशनचं. 1970 च्या दशकात स्थापन झालेली, आता मोंटानातल्या बोझमनमध्ये मुख्यालय असलेली ही संस्था. सरकारी कचेरीत बसून इतकी बोली लागणार नाही. श्रीमंत शिकारी जिथे जमतात तिथेच टॅग नेला जातो.

खरा फरक विक्रीनंतर पडतो. मोंटानात विकणारी संस्था विक्रीखर्चासाठी दहा टक्के ठेवू शकते, बाकी राज्याला. ॲरिझोनात कायदा कडक आहे: मोठ्या प्राण्यांच्या प्रत्येक जातीमागे वर्षाला जास्तीत जास्त तीन विशेष टॅग, आणि आलेला सगळा पैसा राज्याच्या विभागाकडे, त्याच प्राण्याच्या कामासाठी. संस्थेने एक सेंटही ठेवायचा नाही. यूटाचं गणित वेगळंच आहे. तिथे संस्था दहा टक्के कारभारासाठी ठेवते, तीस टक्के राज्याला देते आणि उरलेले साठ टक्के स्वतःकडेच ठेवून राज्याने मंजूर केलेल्या प्रकल्पांवर खर्च करते. यूटा असे टॅग शेकड्यांनी देतं.

ॲरिझोनाची पद्धत मला सर्वांत स्वच्छ वाटते. पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे दोन ओळींत सांगता येतं.

किंमत किती जाते?

2013 मध्ये मोंटानाचा बिगहॉर्नचा टॅग 4,80,000 डॉलरला गेला. आजच्या दराने चार कोटी रुपयांच्या वर. 2022 मध्ये ॲरिझोनाचा म्यूल डिअर या हरणाचा टॅग 7,25,000 डॉलरला गेला. ही टोकाची उदाहरणं आहेत. बाकीचे टॅग यापेक्षा पुष्कळ कमी किमतीला जातात, आणि एल्क (एक मोठं हरीण) किंवा प्राँगहॉर्न (काळविटासारखा प्राणी) यांच्या टॅगना त्याहूनही कमी भाव येतो.

एका मेंढ्यासाठी कुणी इतके पैसे का द्यावेत?

रांग टळते, हे एक कारण झालं. दुसरं, या टॅगसोबत सवलती येतात. नेहमीच्या टॅगवर एकच ठरलेला भाग आणि काही आठवड्यांचा हंगाम मिळतो; ॲरिझोनाच्या विशेष टॅगवर वर्षाचे 365 दिवस आणि जवळजवळ सगळं राज्य खुलं असतं. मोंटानाच्या टॅगला भाव येतो तो मिसुरी नदीच्या खडबडीत कड्यांच्या प्रदेशामुळे, जिथल्या एडक्यांची शिंगं जगात सर्वांत मोठ्यांपैकी मानली जातात. तिसरं कारण प्रतिष्ठेचं. त्या वर्तुळात मोठी बोली लावणं हे देणगीसारखं मिरवलं जातं. देणाऱ्यांपैकी काहींना मेंढ्यांची मनापासून काळजी असते, काहींना फक्त भिंतीवरच्या शिंगांची. राज्याच्या तिजोरीत येणारा पैसा दोघांचा सारखाच.

सामान्य शिकाऱ्याला यात काहीच संधी नाही का?

आहे, तिकिटांच्या सोडतीतून. मोंटानात ‘सुपरटॅग’ची एक संधी पाच डॉलरला मिळते आणि हवी तितकी तिकिटं घेता येतात. वायोमिंगमध्ये अशीच ‘सुपर टॅग’ सोडत आहे, आयडाहोत ‘सुपर हंट’ आहे, ॲरिझोनात ‘बिग गेम सुपर रॅफल’. गॅरेजमध्ये काम करणारा माणूसही पाच-दहा डॉलर टाकून तोच टॅग जिंकू शकतो.

लिलाव आणि सोडत यांपैकी एक निवडायची वेळ आली तर मी सोडत निवडेन. लिलावाचा आकडा एका माणसाच्या खिशावर अवलंबून असतो. सोडतीत हजारो लोकांचा थोडाथोडा पैसा येतो आणि त्या हजारोंना त्या प्राण्याबद्दल आपलेपणा वाटू लागतो. राज्याच्या विधिमंडळात मेंढ्यांच्या बाजूने बोलायची वेळ येते तेव्हा हे हजारो लोक उपयोगी पडतात.

टॅग किती द्यायचे, हे कसं ठरतं? पैशाची गरज पाहून?

तसं झालं तर ती पद्धत कोसळलीच म्हणायची. आधी मोजणी, मग टॅग. हिवाळ्यात किंवा वसंतात हेलिकॉप्टरमधून कड्याकड्याने उडत जीवशास्त्रज्ञ कळप मोजतात: माद्या किती, कोकरं किती, एडके किती आणि त्यांची शिंगं किती वळलेली. एडक्याचं शिंग आयुष्यभर वाढत राहतं आणि प्रत्येक हिवाळ्यात वाढ थांबल्याची एक खोल वळी त्यावर उमटते. या वळ्या मोजल्या की वय कळतं. शंभर माद्यांमागे किती कोकरं वर्षभर जगली, हा आकडा सर्वांत बोलका. तो घसरला की कळपाला काहीतरी झालंय, असं समजायचं.

शिकारीचा कोटा सहसा मोठ्या, पक्व एडक्यांच्या लहानशा हिश्शापुरता असतो. शिकार झाल्यावर अनेक राज्यांत शिकाऱ्याला ते डोकं ठरलेल्या दिवसांत विभागाच्या कचेरीत घेऊन जावंच लागतं. तिथे शिंगांची मापं घेतात, वळ्या मोजतात आणि शिंगात भोक पाडून क्रमांक असलेली धातूची छोटी खुंटी ठोकतात. ती खुंटी नसलेलं शिंग कुणाकडे सापडलं तर चोरट्या शिकारीची चौकशी सुरू होते.

यूटासारखा अपवाद सोडला तर लिलावाचे टॅग या एकूण गणितात एक-दोनच असतात. मोजणी नसलेल्या ठिकाणी असा टॅग विकणं मला कुठल्याही किमतीला मान्य नाही.

पैशाचं नेमकं काय होतं?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण इथेच ही पद्धत आपलं समर्थन सिद्ध करते किंवा करत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर अमेरिकेत बिगहॉर्न पंचवीस हजारांच्या आसपास उरले होते. बेसुमार शिकार, चराईची जमीन जाणं आणि पाळीव मेंढ्यांकडून आलेले रोग, ही तीन कारणं. आज ती संख्या ऐंशी हजारांच्या आसपास आहे. ही वाढ आपोआप झालेली नाही. जिथे कळप चांगला आहे तिथून मेंढ्या पकडून, जिथून त्या नाहीशा झाल्या होत्या तिथे पुन्हा सोडल्या गेल्या.

पकडण्याचं काम बघण्यासारखं असतं. हेलिकॉप्टर कळपावर झेपावतं, दारातला माणूस जाळं झाडणाऱ्या बंदुकीने एका मेंढीवर जाळं टाकतो, हेलिकॉप्टर खाली येताच दोघे उड्या मारून तिच्याकडे धावतात. आधी डोळ्यांवर पट्टी, कारण दिसेनासं झालं की जनावर शांत होतं. मग पाय बांधायचे, झोळीत घालायचं आणि हेलिकॉप्टरखाली लटकवून तळावर आणायचं. तिथे पशुवैद्य आधी ताप बघतात. धावपळीने अंग फार तापलं तर स्नायूंची नासाडी होऊन जनावर दगावू शकतं, म्हणून पाणी ओतून थंड करतात. रक्त घेतात, नाकात काडी फिरवून नमुना घेतात, गळ्यात रेडिओ कॉलर बांधतात. हेलिकॉप्टरचा एकेक तास महाग असतो, आणि लिलावाचा बराच पैसा या तासांत जातो.

नाकातला तो नमुना घेतात न्यूमोनियासाठी. मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी नावाचा जीवाणू पाळीव मेंढ्या-शेळ्यांच्या नाकात असतो आणि त्यांना सहसा फारसा त्रास देत नाही. रानातल्या बिगहॉर्नला मात्र तो उद्ध्वस्त करतो. एकच तरुण एडका फिरत फिरत पाळीव कळपाशी जातो, नाकाला नाक लावतो आणि परत येतो. काही आठवड्यांत कळप खोकू लागतो. मोठ्यांतले बरेच मरतात, आणि वाचलेल्या माद्या रोग बाळगून राहतात. पुढे कित्येक वर्षं त्यांची कोकरं जन्मून दोन-तीन महिन्यांतच मरत राहतात. म्हणूनच पाळीव कळपाला भिडलेला एडका दिसला तर वन्यजीव विभागाचे लोक त्याला परत जाऊ न देता स्वतः गोळी घालतात. ज्या माणसाने आयुष्य मेंढ्या वाढवण्यात घालवलं त्यालाच हे करावं लागतं. या रोगावरचं संशोधन, तपासण्या, आणि सरकारी जमिनीवर मेंढ्या चारण्याचे हक्क मेंढपाळाला त्याच्या संमतीने भरपाई देऊन बंद करणं, यासाठी विशेष टॅगचा पैसा खर्च होतो. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोलाचा वापर आहे, आणि यावरच सर्वांत कमी बोललं जातं.

ॲरिझोना आणि नेवाडाच्या वाळवंटात पाणवठेही बांधले जातात. पावसाचं पाणी गोळा करणारा उतरता पत्रा, त्याखाली टाकी, आणि जनावराला तोंड लावता येईल असं कुंड. दुष्काळात या टाक्या टँकरने, रस्ता नसेल तिथे हेलिकॉप्टरने भरतात. अशा पाणवठ्यांनी नैसर्गिक वाळवंटात ढवळाढवळ होते, असं मानणारे निसर्गप्रेमीही आहेत, आणि ॲरिझोनातल्या कोफा अभयारण्यातल्या पाणवठ्यावरून तर कोर्टकज्जेही झाले.

सगळं संवर्धन या लिलावांवरच चालतं का?

छे. लिलावाची बातमी होते, पण मोठा पैसा दुसरीकडून येतो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका, काडतुसं आणि धनुष्यबाणाच्या सामानावर केंद्र सरकार कर घेतं: लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर 11 टक्के, पिस्तुलांवर 10 टक्के. हा पैसा राज्यांना वाटला जातो; निम्मा क्षेत्रफळाच्या प्रमाणात, निम्मा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात. राज्याने खर्चाचा एक हिस्सा घातला की केंद्राकडून तीन हिस्से मिळतात. या कायद्यातली एक अट फार दूरदृष्टीची आहे: शिकार परवान्यांच्या शुल्काचा पैसा राज्याने वन्यजीव विभागाच्या कामाशिवाय दुसऱ्या कशावरही खर्च केला, तर केंद्राची मदत बंद. रस्त्यांना पैसा कमी पडला म्हणून हरणांचा पैसा वळवता येत नाही.

लिलावाचा एक डॉलर राज्याचा हिस्सा म्हणून लावता आला की तो चार डॉलरचं काम करू शकतो.

मरायलाच टेकलेले म्हातारे एडकेच मारले जातात, हे खरं का?

अर्धं खरं. पक्व एडके हेच लक्ष्य असतं, आणि माद्या व कोकरांना हात लागत नसल्यामुळे कळपाची संख्या सहसा घटत नाही. पण मोठं शिंग म्हणजे म्हातारपण, असं दरवेळी नसतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटनवरच्या कळपाचा अभ्यास तीसेक वर्षं चालू होता, आणि 2003 मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांची शिंगं लवकर वाढतात ते एडके प्रजननाचा भर येण्याआधीच मारले जात होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या कळपातली शिंगं लहान होत चालली होती. तिथे शिकारीवर संख्येची मर्यादा नव्हती. शिंग ठराविक वळणाचं झालं की कुणीही मारू शकत होता. जिथे टॅग मोजके असतात तिथे हा परिणाम तितका होत नाही, असं सांगणारेही संशोधक आहेत. पण ‘शिकारीने कळपाचं काहीच बिघडत नाही’, असं कुणी ठामपणे सांगितलं तर हा कळप आठवावा.

यूटामध्ये वाद झाला होता, तो काय होता?

2007 पासून यूटा राज्य दरवर्षी 200 टॅग सॉल्ट लेक सिटीतल्या एका मोठ्या शिकार मेळाव्याला देतं. हे टॅग लिलावाचे नसून सोडतीचे असतात. प्रत्येक अर्जाला पाच डॉलर, आणि अर्ज पक्का करायला मेळाव्यात हजर राहावं लागतं. कल्पना चांगली होती. पण सुरुवातीच्या वर्षांत या पाच डॉलरांपैकी किती प्राण्यांवर खर्च करायचे, याचं बंधन नव्हतं. टॅग जनतेचे, आणि त्यांचा पैसा मेळावा भरवणाऱ्या संस्थांकडे. लोकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर पाचांपैकी साडेतीन डॉलर मंजूर प्रकल्पांवर खर्च करण्याचा नियम आला. दीड डॉलर कारभारासाठी राहिला. 2015 मध्ये रॉकी माउंटन एल्क फाउंडेशन या दुसऱ्या संस्थेने अर्जांचा सगळा पैसा संवर्धनाला देण्याची तयारी दाखवली, तरी या टॅगचा करार आधीच्याच गटाकडे राहिला.

शेजारच्या ॲरिझोनात 2012 मध्ये साडेतीनशे टॅग एका खासगी गटाला देण्याचं विधेयक आलं तेव्हा तिथल्या सामान्य शिकाऱ्यांनीच इतका विरोध केला की ते मागे घ्यावं लागलं. त्या लोकांचं मला कौतुक वाटतं. आपल्याच गोटातल्या संघटनेला ‘हे टॅग आमच्या सगळ्यांचे आहेत’ असं तोंडावर सांगायला धैर्य लागतं.

हा श्रीमंतांचा खेळ नाही का?

लिलावाचा भाग आहेच. गव्हर्नर्स टॅग सामान्य माणूस कधीच विकत घेऊ शकणार नाही. पण टॅग एक-दोन आहेत, बाकीचे सोडतीने सारख्या भावात जातात, आणि त्या एका टॅगच्या पैशातून नवा कळप उभा राहिला तर पुढे सोडतीचेच टॅग वाढतात. तोवर मला हे चालेल. एकाचे दहा, दहाचे शंभर होऊ लागले की सोडतीतल्या माणसाचा वाटा कापला जातो. विभागाला त्या पैशाची सवय लागते, आणि सवय लागलेल्या विभागाला मोजणीचा आकडा खाली आला तरी टॅग कमी करणं अवघड जातं. धोका तिथून सुरू होतो.

पाकिस्तानातल्या मारखोरबद्दल ऐकलंय. तिथे काय पद्धत आहे?

मारखोर ही पिळदार शिंगांची रानबकरी, पाकिस्तानचा राष्ट्रीय प्राणी आणि हिमबिबट्याचं एक मोठं भक्ष्य. चोरट्या शिकारीने ती संपत आली होती. आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्‌स कराराने 1997 मध्ये पाकिस्तानला वर्षाला सहा मारखोरांच्या शिकारीची परवानगी दिली, 2002 मध्ये ती बारा केली. परवान्यांचा लिलाव प्रांतांचे वन्यजीव विभाग करतात आणि रकमेतला 80 टक्के हिस्सा त्या खोऱ्यातल्या गावांना जातो. अलीकडच्या वर्षांत एकेक परवाना दोन लाख डॉलरच्याही पुढे गेला आहे.

चित्राल किंवा गिलगिटच्या दुर्गम खोऱ्यातल्या गावाला हा पैसा किती मोठा वाटत असेल, ते सांगायला नको. शाळा, पाणी, औषधपाणी यांवर तो खर्च होतो, आणि गावातलीच माणसं राखणदार म्हणून नेमली जातात. जो पूर्वी बंदूक घेऊन मारखोराच्या मागे जायचा, तोच आता दुसऱ्याला जाऊ देत नाही. 2015 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने मारखोरला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात ठेवलं.

अमेरिकी पद्धतीपेक्षा मला ही जास्त पटते. प्राण्यासोबत राहण्याची झळ सोसणाऱ्याच्या हातात पैसा पडतो.

आणि नामिबियाचा गेंडा?

काळ्या गेंड्यासारख्या अतिसंकटग्रस्त प्राण्याचा परवाना विकायचा, यावरून जगभर गदारोळ झाला. साइट्‌सने 2004 मध्ये नामिबियाला वर्षाला पाच काळ्या गेंड्यांची परवानगी दिली होती. 2014 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये एक परवाना 3,50,000 डॉलरला विकला गेला आणि 2015 मध्ये शिकार झाली. नामिबियाच्या सरकारचं म्हणणं असं की, प्रजननाचं वय उलटलेला आणि इतर गेंड्यांवर हल्ले करणारा नर निवडला जातो, आणि पैसा याच कामासाठी कायद्याने स्थापलेल्या निधीत जातो. जीवशास्त्राच्या बाजूने या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही, इतक्या थोड्या उरलेल्या प्राण्याच्या बाबतीत एक चुकीची निवड फार महाग पडते, आणि मला स्वतःला हा परवाना दिलेला आवडला नाही.

भारतात असं काही होतं का? महाराष्ट्रात?

पूर्वी होतं. इंग्रजी अमलात आणि नंतरही विदर्भाच्या जंगलांत ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत आणि वनखातं परवाना देऊन शिकाऱ्याला ब्लॉक लावून देई. ताडोबात 1935 मध्येच शिकार बंद झाली आणि 1955 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ रूपात ‘स्पेशल गेम’, ‘बिग गेम’ आणि ‘स्मॉल गेम’ असे परवान्यांचे वर्ग होते, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. 1991 च्या दुरुस्तीने ते गेले. आता फक्त अपवाद म्हणून, म्हणजे माणसाच्या जिवाला धोका झालेला प्राणी किंवा शेतीची नासाडी करणारं रानडुक्कर, रोही यांच्यासाठी, अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येतं. त्यातून कुणी पैसा उभा करत नाही.

मग रानडुक्कर-रोह्यांचे परवाने लिलावात विकून शेतकऱ्याला भरपाई का देऊ नये?

रात्रभर मचाणावर बसून हरभरा राखणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून हा प्रश्न आला तर त्यात चूक काही नाही. माझं उत्तर तरी नकारार्थी आहे. वाघांची मोजणी आपण कॅमेरे लावून नेटाने करतो, पण गावाशेजारच्या रोह्यांची आणि डुकरांची तालुकावार भरवशाची मोजणी आपल्याकडे नाही, आणि मोजणीशिवाय कोटा म्हणजे अंदाजपंचे. शिवाय दाट वस्तीच्या शिवारात लांब पल्ल्याची बंदूक चालवणं आणि वायोमिंगच्या ओसाड डोंगरात चालवणं यांत फार अंतर आहे.

आपल्याकडे पैशाचा दुसरा रस्ता आहे. कायद्याच्या 2006 च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचं प्रतिष्ठान आहे. ताडोबाच्या सफारीचं प्रवेशशुल्क तिथे जमा होतं आणि त्यातून गावांची कामंही होतात. जिप्सीवाले, वाटाडे यांचं पोट वाघ जिवंत असण्यावर चालतं. पण हा पैसा सफारीच्या गेटाजवळच्या गावांपुरता राहतो. जिथे पर्यटक जात नाहीत त्या गावांच्या शेतातही तेच प्राणी येतात. मारखोरच्या उदाहरणातून घ्यायचंच तर ते 80 टक्क्यांचं तत्त्व घ्यावं, बंदूक घ्यायची गरज नाही.

आम्ही अमेरिकेत राहतो, शिकार करत नाही. आम्हाला यात काय करता येईल?

पुष्कळ. पोस्टात मिळणारा ‘डक स्टॅम्प’ घ्या. 1934 पासून चालत आलेला हा स्टॅम्प 25 डॉलरला मिळतो आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा राखायला जातात. तो घ्यायला शिकारी असावं लागत नाही, आणि बहुतेक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत प्रवेशासाठीही तो चालतो. मिसुरीत राहत असाल तर तुम्ही आधीच पैसे देताय: 1976 च्या मतदानातून तिथे विक्रीवर एक टक्क्याच्या आठव्या भागाइतका कर संवर्धनासाठी राखला गेला. शिकाऱ्यांची संख्या कमी होत चालली असताना बाकीच्या राज्यांनीही हा मार्ग धरावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपल्या राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या बैठकांना जा. त्या खुल्या असतात, नाव नोंदवून बोलता येतं, घरून ऑनलाइनही ऐकता येतात. तिथे एरवी शिकारी आणि पशुपालक यांचेच आवाज असतात. फिनिक्स, डेन्व्हर, सॉल्ट लेकमध्ये इतकी मराठी मंडळी आहेत आणि डोंगरांत फिरायलाही जातात. त्या डोंगरांतल्या जनावरांबद्दल बोलण्याचा त्यांचाही तितकाच हक्क आहे.

एखाद्या राज्याचा कारभार चांगला चाललाय का, हे कसं ओळखायचं?

राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर विशेष टॅगचा वार्षिक अहवाल शोधा. टॅग कितीला गेला हे सगळेच ठळक छापतात, त्यावर थांबू नका. विकणाऱ्या संस्थेने किती ठेवले, पैसा त्याच प्राण्याच्या कामाला बांधलेला आहे का, प्रकल्पांची नावं आणि जागा दिल्या आहेत का, हे बघा. मग त्या कळपाच्या मागच्या काही वर्षांच्या मोजणीचे आकडे काढा आणि टॅगच्या संख्येशेजारी ठेवा. कोकरं कमी झाल्याच्या वर्षी टॅगही कमी झालेले दिसले तर विभाग कामाचा आहे. अहवाल सापडलाच नाही तर माहितीसाठी लेखी अर्ज करा. प्रत्येक राज्यात तसा कायदा आहे आणि विभागाला उत्तर द्यावं लागतं.